मागचं मोज

चांदोरी सुटली की सायखेड्यापर्यंत
मी तिसऱ्या गिअरच्या वर जात नाही.
मागे दुधाचे बावीस कॅन,
पहाटेचे पावणेचार,
दोन्ही अंगांना ऊस,
डांबरावर वाकून उभा,
कुणी काही सांगणार असल्यासारखा.

गाडी मला दगूअण्णा मोगलांनी शिकवली.
नवरा शिकवायला बसला की ओरडायचा.
अण्णा ओरडत नसत, डॅशबोर्डवर
बोटानं टकटक करत.
टकटक म्हणजे पाय ब्रेकवर.
कशासाठी, ते पुढे गेल्यावर दिसे,
कधी कधी दिसतही नसे.

"रस्त्याकडं काय बघतीस?
रस्ता कुठं पळून चाललाय?
उसाच्या बुडाशी बघ.
दोन काड्या पेटल्यासारखं दिसलं
की उंची धर.
वीतभर असलं तर मांजर.
जोडीजोडीनं वरखाली हललं तर कुत्री.
गुडघ्याच्या जरा वर, आणि हलतच नाही,
तर गाडी थांबव, दिवा खाली कर.
आपल्याच उजेडानं ते दिपतं,
जागचं हलत नाही,
अन् लोक सांगत सुटतात, अंगावर आला!

"आणि काही झालं तरी स्टिअरिंग ओढू नको.
सरळ रेषेत ब्रेक दाब.
कालव्यात गेलेल्या सात गाड्या मी बघितल्या,
एकाही जनावराला खरचटलेलं नव्हतं."

शेवटचं ते नेहमी हळू म्हणत:
"एक गेलं की लगेच गिअर टाकायचा नाही.
मागचं मोज."

मागच्या मंगळवारी, निफाडची ती थंडी,
काचेवर आतून धुकं,
मी एका हातानं ओढणीनं पुसतेय.
डावीकडचा ऊस दोन दिवसांपूर्वी तुटलेला,
टोळीच्या कोप्या पार पाटाजवळ गेलेल्या,
उघड्या रानात नुसतं पाचट.
म्हणजे तिकडचं जे होतं
ते आता इकडे येणार.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पाय आपोआप ब्रेकवर गेला.

ती आली.
पळाली नाही. आपल्या अंगणातून
शेजारणीकडे निघावं तशी
पांढऱ्या पट्ट्यावरून गेली,
पोट थोडं लोंबतं, शेपटीचं टोक वर.
एक.
मग एक पिल्लू, रस्त्याच्या मधोमध थबकून
माझ्या बंपरचा वास घेणारं.
दोन.

तेवढ्यात मागून हॉर्न.
पांढरी गाडी, शिर्डीच्या वाटेची असावी,
बाजूनं काढायला बघतेय.
मी पिकअप तिरपी केली. आडवीच म्हणा.
कॅन एकमेकांवर आदळले.
तो उतरला, कानटोपीतून वाफ सोडत.
"ताई, बंद पडली का?"
"नाही."
"मग?"
"मोजतेय."
त्याला काय वाटलं कोण जाणे.
गाडीत परत जाऊन बसला,
दिवे मात्र बारीक केले.

आम्ही थांबलो.
उसात पान हललं, ते वाऱ्यानं.
पुन्हा हललं, तेव्हा वारा नव्हता.

करंजगावच्या वळणावर अण्णा टोपी काढत.
तिथे ना देऊळ, ना समाधी,
कधी विचारलं नाही मी.
त्यांच्या दहाव्याला त्यांचा मुलगा बोलला:
एकदा, टेम्पो नवा असताना,
अण्णांनी आई जाऊ दिली होती
आणि गाडी सोडली होती.
पुढचा मडगार्ड त्यांनी
कधीच ठोकून घेतला नाही.

तिसरं आलं नाही.
नसेलच.
किंवा असेल, आणि माझ्याइतकंच
पलीकडून थांबून बघत असेल.

डेअरीवर नऊ मिनिटं उशीर.
मापाडी म्हणाला, कारण सांगा, लिहावं लागतं.
मी म्हटलं, टायर.
त्यानं टायर लिहिलं.

परतताना उजाडलं होतं,
ऊस साधा ऊस होता,
सायकलवरची पोरं शाळेला चाललेली.
त्याच जागी आल्यावर
डॅशबोर्डवर टकटक ऐकू आली.
बघते तर माझंच बोट.